दोब्रिलाच्या नावावरची फिल्म

दोब्रिलाला कुणाचंही अडलेलं काम बघवायचं नाही. लेस्कोवात्स शहराच्या कडेच्या वस्तीत कुणाचा अर्ज लिहायचा असो, कुणाच्या मयताला दोनशे माणसांचं घेवड्याचं कालवण रांधायचं असो, बाह्या सरसावून ही पुढे. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेली बाई. तीनशे पोरं वेळेवर जेवू घालायची तर डोकं शांत आणि जीभ तिखट लागते, आणि तिच्याकडे दोन्ही होतं. नवरा गेला, मूल झालं नाही. पण त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. अंगणाच्या पलीकडच्या घरात तिची धाकटी जाऊ रुमेन्का राहायची. तिचाही नवरा गेलेला. तिचा एकुलता एक मुलगा नोवित्सा दोघींच्या हातांखाली वाढला आणि मोठा होऊन स्लोव्हेनियात बांधकामावर गेला. मागे उरल्या दोन विधवा आणि मधलं अंगण.

दोघींचं पटायचं म्हणजे रोज भांडण व्हायचं आणि रोज संध्याकाळी कॉफीही व्हायची. रुमेन्का बारा वर्षांनी लहान, अंगाने बारीक, बोलायला मऊ. शिवणाच्या कारखान्यात पुरुषांचे शर्ट शिवायची. मालक पगार कसाबसा द्यायचा, पण बायकांच्या विम्याचा भरणा त्याने केव्हाच थांबवला होता. त्या काळी आरोग्यपुस्तिका कागदी असायच्या, आणि त्यात ताजा शिक्का नसला की दवाखान्याच्या खिडकीतून पुस्तिका परत यायची, बाईसकट. रुमेन्काच्या पुस्तिकेत वर्षभर शिक्का नव्हता. कारखान्यातल्या चाळीस बायकांची तीच गत होती. त्यामुळे वस्तीत एक रीत पडून गेली होती: ज्याच्याकडे शिक्का, त्याची पुस्तिका सगळ्यांची. सासूच्या पुस्तिकेवर सुनेचे दात निघायचे, भावाच्या पुस्तिकेवर भावाचा पाय प्लास्टरात जायचा. याला लबाडी म्हणावं असं कुणाला वाटायचं नाही. लबाड मालक, आपण नव्हे, असा साधा हिशेब होता.

सप्टेंबरात तपासणीची मोठी गाडी आरोग्यकेंद्राच्या आवारात येऊन उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या छातीच्या फिल्म काढायला ती दर दोन वर्षांनी यायची. दोब्रिलाच्या नावचं बोलावणं पोस्टाने आलं तेव्हा दोघी अंगणात मिरच्या भाजत होत्या. ऐवाराचे, म्हणजे भाजल्या मिरच्यांच्या चटणीचे दिवस, हात काळे, डोळ्यांत धूर.

"मागच्या खेपेला माझं सगळं स्वच्छ होतं," दोब्रिला पत्र बाजूला टाकत म्हणाली. "आता काय पाहायचंय तिथे! झग्याखाली दोन रिकाम्या पिशव्या."

रुमेन्का हसली नाही. सालं काढता काढता हळूच म्हणाली, "माझी आई छातीच्या गाठीनंच गेली, जाऊबाई. मला डाव्या बाजूला जड जड वाटतं. हाताला लागत काही नाही. पण वाटतं."

दोब्रिलानं हात पुसले, घरात गेली आणि आपली पुस्तिका आणून तिच्या मांडीवर टाकली. "जा. आडनाव एकच आहे. आणि तुझ्या तोंडाकडे कोण बघतंय तिथे? त्यांना बघायचंय ते वेगळंच आहे."

आता मात्र रुमेन्का हसली. तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न वर्षांची दोब्रिला बनून सेहेचाळीस वर्षांची रुमेन्का गाडीत चढली. आतल्या मुलीने दिवसभरात पन्नास बायका दाबून काढल्या होत्या. तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

ऑक्टोबरात उत्तर आलं. दोब्रिलाच्या नावाने, फिल्मचं मोठं पाकीट सोबत. लिहिलं होतं की स्तनांची घडण फार दाट आहे, फिल्मवर नीट दिसत नाही. डाव्या बाजूला एक जागा शंकेची वाटते. इस्पितळात येऊन पुन्हा फिल्म आणि सोनोग्राफी करावी, जुनी फिल्म असल्यास आणावी.

दोब्रिलाने मोठ्याने वाचलं आणि आधी थट्टाच केली. "ऐक! या वयात माझी छाती दाट झाली. स्थळं बघायला हरकत नाही."

"दाट म्हणजे वाईट का हो?" रुमेन्काने विचारलं.

वाईट नव्हे, हे दोब्रिलाने शाळेतल्या नर्सला विचारून आणलं. पुष्कळ बायकांची असते, तरुणपणी तर असतेच. फक्त दाट भाग फिल्मवर पांढरा येतो, आणि गाठ असेल तर तीही पांढरीच येते.

"म्हणजे पांढऱ्या कापडावर पांढरी शिवण," रुमेन्का म्हणाली. शिवणारी बाई, तिला लगेच समजलं. "दिव्याखाली धरल्याशिवाय दिसायची नाही." आणि तिने समोरची कॉफी बाजूला सरकवली.

त्या दिवसापासून तिचं अन्न सुटलं. झोपही गेली. मशीनवर बसल्या बसल्या सुई बोटातून आरपार गेली. इस्पितळात तिला पाठवायचं कसं, हा पेच होता. तिथे ओळखपत्र मागतात, आणि चिठ्ठी द्यायची आरोग्यकेंद्रातल्या डॉ. स्मिल्याने, जी दोब्रिलाला वीस वर्षं ओळखत होती. म्हणून दोघींनी ठरवलं की खासगी दवाखान्यात जायचं. "ऐवार बरण्यांत भरलं की या शनिवारी जाऊ," दोब्रिला म्हणाली. तो शनिवार पावसात गेला. पुढच्या शनिवारी शाळेत पाहुणे होते.

तेवढ्यात बाजारात डॉ. स्मिल्याने दोब्रिलाला गाठलंच. "अगं, तुझा कागद माझ्याकडे येऊन पडलाय आणि तू कोबी काय निवडत बसलीस! गुरुवारी तुझा नंबर लावलाय. आली नाहीस तर घरी नर्स पाठवीन."

दोब्रिलाने हातातला कोबी परत ठेवला. नर्स घरी आली तर प्रश्न विचारील. प्रश्नातून पुस्तिका निघेल, पुस्तिकेतून शाळा, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना सरकारी नोकरी जाईल. तिला तर कोर्टही दिसायला लागलं. ती मुकाट्याने गुरुवारी इस्पितळात गेली आणि रुमेन्काचं पाकीट नेऊन डॉक्टरपुढे ठेवलं.

तरुण डॉक्टर होता. त्याने नवी फिल्म काढली, सोनोग्राफी केली, दोन्ही फिल्म दिव्यासमोर धरल्या आणि डोकं खाजवलं. मग हसला. "आजी, तुमची घडण मुळीच दाट नाही. ही गाडीतली मशीन जुनाट आहे, नाहीतर वाचणारा झोपेत असावा. काही नाही तुम्हाला. दोन वर्षांनी या."

बसमधून परतताना दोब्रिलाला स्वतःचाच हेवा वाटत होता. वस्तीच्या थांब्यावर उतरली तर फाटकाशी रुमेन्का उभी. अंगावर कोट नाही, डोळे खोल गेलेले, कधीपासून उभी होती कोण जाणे.

"काय म्हणाले?"

"हसला डॉक्टर," दोब्रिला म्हणाली. "म्हणे मशीन जुनाट आहे. वाचणारा झोपेत होता म्हणे."

"माझ्या फिल्मबद्दल म्हणाला?"

"तुझ्याच. दिव्यासमोर धरून पाहिली त्याने."

रुमेन्काने फाटक घट्ट धरलं. "म्हणजे मला काही नाही? आता खासगीत जायला नको?"

इथे बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं: बाई, त्याने मला तपासलं. पण समोर दोन-तीन आठवड्यांची उपाशी बाई होती आणि तिच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. शिवाय खासगी डॉक्टर ती फिल्म मागणार, तिच्यावर दोब्रिलाचं नाव, आणि पुन्हा तेच झेंगट गळ्यात. हा भलेपणा नव्हता. भित्रेपणा होता. थोडा भलेपणाही होता, आणि म्हणूनच ते इतकं सहज जमलं.

"नको," दोब्रिला म्हणाली.

रुमेन्काचा जीव भांड्यात पडला. तिने तीनदा क्रूसाची खूण केली, जावेला मिठी मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या अर्धी पावरोटी ऐवार लावून खाल्ली. दोब्रिला तिच्याकडे बघत राहिली. उद्या सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. पोटभर जेवली आहे, एक रात्र झोपू दे, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी नोवित्साचा फोन आला, त्याला मुलगी आवडली होती. मिलियाना तिचं नाव, बेकरीत काम करणारी. रुमेन्का अंगणभर नाचली, सांगता येईना. मग कुलदैवताचा सण आला, पाहुणे आले. मग बर्फ पडलं. दिवस जात गेले तसं ते वाक्य जड होत गेलं, कारण आता नुसतं वाक्य सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस का सांगितलं नाही तेही सांगावं लागणार होतं. दोब्रिला तिच्यासाठी गोड भाकरी करायची, तिची लाकडं फोडायची, तिच्या वाटचं बर्फ सारायची. रुमेन्का सगळ्यांना म्हणायची, "माझी जाऊ म्हातारपणी मऊ झालीये." ऐकून दोब्रिलाला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

मे महिन्यात कारखाना नव्या मालकाने घेतला आणि पुस्तिकांवर शिक्के बसले. दोब्रिलाने धावत जाऊन सांगितलं, "आता तुझ्या नावाने एकदा दाखवून ये बरं."

"कशाला? तुम्हीच सांगितलंत ना, मशीन खराब होती म्हणून."

"तरी पण. सोनोग्राफी करून घे."

"जाऊबाई, आता मला नका घाबरवू. मी कशी बाहेर पडले त्यातून ते माझं मला ठाऊक."

दोब्रिला तिच्या दारापुढचा कचरा झाडायला लागली. त्या महिन्यात असं तीनदा झालं.

जुलैत आंघोळ करताना रुमेन्काच्या हाताला गाठ लागली. अक्रोडाएवढी. ती ओल्या केसांनीच अंगण ओलांडून आली आणि म्हणाली, "हात लावून बघा." दोब्रिलाने हात लावला. पुढचं तिला काही आठवत नाही, फक्त आपण खाली बसलो होतो आणि रुमेन्का आपल्याला पाणी पाजत होती, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दोघी इस्पितळात गेल्या, या खेपेला रुमेन्काच्याच पुस्तिकेवर. डॉक्टर तोच तरुण होता. नवी फिल्म त्याने बराच वेळ पाहिली.

"घडण फार दाट आहे तुमची. पूर्वीची एखादी फिल्म आहे का? असली तर कळेल हे कधीपासून आहे आणि किती भराभर वाढतंय. त्यावर पुढचं ठरतं."

"नाही," रुमेन्का पटकन म्हणाली. "कधी काढलीच नाही." जावेची नोकरी जाऊ नये म्हणून खोटं बोलली ती. दोब्रिला मागे खुर्चीवर बसली होती, जुन्या फिल्मचं पाकीट पिशवीत होतं. घरून निघताना तिने ते का घेतलं हे तिचं तिला माहीत नव्हतं, की माहीत होतं.

ती उठली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "आहे. माझ्या नावावर आहे, पण छाती हिची आहे. पुस्तिका मी दिली होती. नोव्हेंबरात तुम्ही मला तपासलंत आणि मला काही नाही म्हणालात. मी घरी येऊन हिला सांगितलं की हिला काही नाही."

रुमेन्का वळून तिच्याकडे बघत होती, अजून पुरतं न समजल्यासारखी. डॉक्टरने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. जुन्या फिल्मवर त्याने पेनाचं टोक टेकवलं. "इथे आहे. मसुराच्या दाण्याएवढी. नुसत्या फिल्मवर मीही खात्रीने सांगू शकलो नसतो. सोनोग्राफीत दिसली असती." मग पुस्तिकेबद्दल हात झटकून म्हणाला, "आणि ते नावाचं मी काही ऐकलं नाही. या जिल्ह्यात असं रोज होतं."

म्हणजे ज्या भीतीपायी आठ महिने गेले, ती भीती एका वाक्यात निकालात निघाली. कुणी पोलिसाला बोलावलं नाही, शाळेत चिठ्ठी गेली नाही.

बसमध्ये रुमेन्का पुढे बसली, दोब्रिला मागे. फाटकाशी आल्यावर रुमेन्का थांबली.

"तुम्ही मला आठ महिने हसत ठेवलंत," ती म्हणाली. "मी मूर्खासारखी हसत होते. तुम्ही बघत होतात."

"रुमेन्का, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते नका सांगू."

स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या. मग औषधांच्या बाटल्या शिरेतून सुरू झाल्या, केस गेले, भुवया गेल्या. नोवित्सा यायचा, चार दिवस राहायचा, जायचा. पोट तिकडे होतं. सगळं करायला एक दोब्रिलाच होती आणि रुमेन्कालाही दुसरं कुणी नव्हतं. दोब्रिलाने बादली धरली, चादरी धुतल्या, शाळेतून निवृत्ती घेतली. रुमेन्का तिच्या हातचं सूप प्यायची, तिच्या खांद्यावर हात टेकून चालायची, आणि गरजेपुरतं बोलायची. दार लावा. पाणी द्या. थंडी वाजते. शिव्या दिल्या असत्या तर दोब्रिलाला बरं वाटलं असतं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, अशी जाऊ भाग्यानं मिळते. त्यांना काही ठाऊक नव्हतं. रुमेन्कानं ते कुणालाही सांगितलं नाही, मुलालाही नाही.

अशी दीड वर्षं गेली. केस पुन्हा आले, करडे आणि कुरळे. नोवित्साचं लग्न येत्या ऑक्टोबरात, द्राक्षं उतरली की करायचं ठरलं. रुमेन्काने मशीन पुसून सुनेसाठी पलंगपोस शिवायला घेतला. फेब्रुवारीत तिला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं आणि डोळे पिवळट दिसू लागले. पुन्हा इस्पितळ, पुन्हा तपासण्या.

आमच्याकडे डॉक्टर रोग्याला सांगत नाहीत. रोग्याला म्हणतात, छान चाललंय, भरपूर खा. आणि घरच्या माणसाला खुणेने बाहेर बोलावतात. हा डॉक्टर वयस्क होता, कपाळाला आठ्या पडलेला. त्याने दोब्रिलाला जिन्यापाशी नेलं.

"यकृत भरलंय. आता औषधाचा उपयोग नाही. फार तर जून. तुम्ही बहीण?"

"जाऊ."

"त्यांना सांगू नका. हिंमत खचली की माणूस लवकर जातं. म्हणा, यकृताला सूज आहे, गोळ्या दिल्यात."

त्याने खरोखरच गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. दोब्रिला ती हातात धरून उभी राहिली. सूज आहे. किती सोपं होतं. डॉक्टरनेच सांगितलेलं, शहाण्या माणसाचा सल्ला, कुणी तिला बोल लावला नसता. लांबच्या बाकावर रुमेन्का कोट घालून बसली होती, पाकीट मांडीवर, आणि तिच्याकडेच बघत होती. जिना ते बाक, वीस पावलं असतील. दोब्रिला ती मोजत गेली.

ती शेजारी जाऊन बसली.

"काय म्हणाले?" रुमेन्काने विचारलं. आणि लगेच म्हणाली, "जसं म्हणाले तसं."

"यकृतात पसरलंय. औषध चालणार नाही. जून म्हणाला, फार तर." दोब्रिलाने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "आणि तुला सांगू नको म्हणाला. सूज आहे म्हणून सांग म्हणाला. या गोळ्यांनी काही होणार नाही."

समोरून एक बाई चाकांच्या खुर्चीतून गेली. रुमेन्का जमिनीकडे बघत राहिली. तिने रडायला हवं होतं की काय, तेही तिला सुचलं नसावं. मग तिने जावेचा हात धरला, तोही आधारासाठी धरावा तसा नव्हे, जोरात, नखं रुतेपर्यंत.

"त्या दिवशी फाटकाशी असंच बोलला असतात तर," ती म्हणाली.

"हो," दोब्रिला म्हणाली.

"ईस्टर कधी आहे यंदा?"

"वीस एप्रिल."

रुमेन्काने बोटांवर मोजलं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत लग्न लागत नाही. ते सात आठवडे वजा केले, उरलेले आठवडे मोजले. "मग त्याच्या पुढचा रविवार. सत्तावीस. लग्न त्या दिवशी."

"हॉल ऑक्टोबरचा घेतलाय..."

"अंगणात करू. शाळेतली टेबलं मागून आणा. मला उभं राहता येतंय तोवर झालं पाहिजे. सून दारात आली की तिला पहिली भाकरी मला माझ्या हाताने द्यायचीये." तिने कोटाच्या खिशातून फोन काढून दोब्रिलाच्या हातात ठेवला. "नोवित्साला लावा."

"काय सांगू त्याला? तारीख का बदलली म्हणून?"

"जे आहे ते. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

दोब्रिलाने नंबर लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मग नोवित्साचा आवाज आला, धापा टाकत, हसरा. "मोठी काकू? बोल! काय म्हणाले डॉक्टर, बरी आहे ना आई?"

रुमेन्का तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"नाही रे बाळा," दोब्रिला म्हणाली, "बरी नाही," आणि पुढचं सगळं सांगू लागली.